मुशीच्या तेलाचा उन्हाळा

लेख लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. घरात छापील कागद यायचा तो किराण्याच्या पुडीला गुंडाळून. वार्षिकांकासाठी काहीतरी लिहून द्या असं सरांनी वर्गात सांगितलं, तेव्हा मी मान खाली घातली होती. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांनी लिहावं. मला फक्त एक उन्हाळा नीट ठाऊक आहे आणि त्या उन्हाळ्यात एक जुनी गाडी आहे. वाचणाऱ्याला कंटाळा आला तर त्याने खुशाल पान उलटावं. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

परीक्षा जवळ आली आहे. पालघरला मी राहतो त्या खोलीच्या खिडकीखाली एस.टी. थांबते. दुपारी ड्रायव्हर बोनेट उघडतो, हाताला फडकं गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवतो आणि फुस्स करून वाफ वर येते. तापलेलं लोखंड, गंज, रबर यांचा मिळून एक वास असतो. तो खिडकीतून आत येतो आणि माझ्या इतिहासाच्या पुस्तकावर बसतो. त्या वासात एकाच गोष्टीची उणीव असते, मुशीच्या तेलाची. ते मी माझ्या मनाने त्यात घालतो. मग समोरचं पान तसंच राहतं आणि मी चिंचणीला, आमच्या अंगणात जाऊन पोचतो.

आमचं अंगण म्हणजे दोन माडांमधली वाळू. पुढे वाट, वाटेपलीकडे किनारा. वडिलांना आम्ही बा म्हणतो. बाची होडी आहे. माझा मोठा भाऊ मोरू, म्हणजे दादा, चौथीतून शाळा सोडून होडीवर गेला होता. पुढे तारापूरला वीज केंद्राचं काम निघालं, तेव्हा तो होडी सोडून साइटवर गेला. तिथल्या शेडमध्ये मोठमोठी यंत्रं उघडून ठेवलेली असत. दादा हत्यारं पुसायला म्हणून लागला आणि हळूहळू त्याला यंत्राच्या पोटात हात घालू देऊ लागले. होडीतल्या त्याच्या जागेवर शेजारचे पांडूकाका बसत होते. पण त्या साली पांडूकाकांचे गुडघे गेले. साइटचं कामही संपत आलं होतं, रोज माणसं कमी होत होती. बाने होळीच्या आधीच सांगून टाकलं, "नारली पुनवेला मोरू आपल्या जागेवर बसंल."

मी त्या साली मॅट्रिकची परीक्षा दिली होती. जूनमध्ये कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे दादाने ठरवलं होतं. बा त्यावर हो म्हणाला नव्हता आणि नाहीही म्हणाला नव्हता.

अशा वेळी ती गाडी आली.

साइटवर परदेशी इंजिनिअर होते. त्यातल्या एकाला सगळे तांबडा साहेब म्हणत, कारण उन्हाने त्याचं तोंड कायम भाजलेलं असे. त्याच्याकडे एक बुटकी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी होती. शर्यतीत पळवतात त्या जातीची. साहेबाने ती जुनीच घेतली होती आणि तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात ती आणखी जुनी झाली होती. साहेब परत निघाला तेव्हा ती बंद पडलेली होती. दादाने ती मागितली. साहेबाने जवळजवळ फुकटच दिली आणि वर एक गोष्ट सांगितली. मुंबईत त्याच्या ओळखीच्या एका पारशी गृहस्थाचं विलायती गाड्यांचं गॅरेज होतं. ही गाडी दुरुस्त करून, स्वतः चालवत त्यांच्या दारात नेली तर ते दादाला कामावर ठेवून घेतील. मात्र पावसाच्या आत यायला हवं. पावसाळ्यात त्यांचं काम मंदावतं, तेव्हा ते नवी माणसं घेत नाहीत.

म्हणजे हिशोब सरळ होता. गाडी चालू झाली तर दादा मुंबईला जाणार. दादा गेला तर होडीतली त्याची जागा रिकामी. आणि ती जागा भरायला घरात दुसरा एकच माणूस होता. तो मी.

हे कुणी मोठ्याने बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

गाडी घरी आली ती बैलगाडीला बांधून. दादा साहेबाने दिलेली टोपी घालून स्टिअरिंगवर बसला होता आणि पुढे बैल शेपटी उडवत चालले होते. पांडूकाका ओट्यावरून ओरडले, "मोरू, गाडी विलायती नि बैल देशी? जोडी जमली नाय रे!"

आईने नव्या होडीला ओवाळतात तसं गाडीला ओवाळलं. बोनेटवर कुंकू लावलं. ते कुंकू त्या रंगात असं मुरलं की नंतर कितीही घासलं तरी गेलं नाही. मग तिने आत डोकावून पाहिलं.

"बाकीची मानसं कुटं बसतात?"

"आय, ही दोघांचीच."

"दोघांसाठी एवढं लोखंड?" आई म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

गाडीबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं. गाडी कशी उघडावी, कशी जोडावी, कुठे काय घालावं. ते दादाने माझ्या हातात दिलं. "तू वाच, मी करतो." त्या दिवसापासून मी त्या पुस्तकाला बांधला गेलो. मॅट्रिकच्या इंग्रजीत राजे, नद्या आणि प्रामाणिक लाकूडतोडे होते. इथे एकेका ओळीत पाच शब्द असे यायचे की ते मी जन्मात पाहिलेले नसत. मी चित्रं पाहून अंदाज करायचो आणि दादा हाताने चाचपून सांगायचा, "हां, ही ती कांडी." आमचं दोघांचं मिळून एक इंग्रजी तयार झालं होतं. त्यात नावं सगळी होडीची होती. चाकाच्या दांड्याला आम्ही काठी म्हणायचो आणि इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला डोणी.

जुनी गाडी घेणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. ती एकदा विकत घेऊन भागत नाही. ती रोज थोडी थोडी घ्यावी लागते. आज सेल्फ चालत नाही, मग हँडल मारायचं. हँडल उलटं फिरतं आणि दादाचं मनगट सुजतं. उद्या दोन कार्ब्युरेटर एका तालात चालत नाहीत. दादा एक रबरी नळी कानाला लावून, दुसरं टोक एकदा इकडे एकदा तिकडे धरून, डोळे मिटून त्यांचा आवाज ऐकत बसायचा. छाती तपासणाऱ्या डॉक्टरसारखा दिसायचा तो. पेट्रोलचा काटा कायम भरलेली टाकी दाखवायचा. टायर अशा मापाचे की बोईसरला हसायचे, पालघरला मान हलवायचे आणि मुंबईच्या जुन्या बाजारात एकेक टायर शोधायला दादाची एकेक सुट्टी जायची. पगार यायचा आणि कधी टायर होऊन, कधी प्लग होऊन अंगणात पडायचा. घरात नवं काही आलं नाही त्या उन्हाळ्यात. आईने दोन कोंबड्या विकल्या तेव्हा मी विचारलं नाही कशासाठी.

गाडी तापायची. चालू केली की थोड्या वेळात खळखळ आवाज यायचा आणि वाफ. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे. तेच आम्ही रेडिएटरमध्ये घालत होतो. दादाने नळी काढली तेव्हा आत पांढरा थर जमला होता, मिठागराच्या बांधावर असतो तसा. पुस्तकात लिहिलं होतं, पाणी क्षार नसलेलंच हवं. गोडं पाणी चिकूच्या वाडीतल्या विहिरीला, लांब. आई तिथून पिण्याच्या पाण्याचे हंडे आणते. दुसऱ्या दिवसापासून आई एक खेप जास्त करू लागली. हंडा उतरवला की आधी गाडीला, मग आम्हाला.

"घोरपड हाय ती, मोरू," बा म्हणाला. "धरलं तं सोडायची नाय."

दादाने मान वर केली नाही. "तिनं मला नाय धरलं बा. मी तिला धरलंय."

"गॅरेजात जाऊन तरी काय करशील? लोकांच्या गाडीखाली निजशील."

"होडीत वाऱ्याची वाट बघत निजायचं, तेच की."

असं बोलणं झालं की बा उठून किनाऱ्यावर जायचा. दादा नट आवळत राहायचा. मी पुस्तक धरून मध्ये बसलेला असायचो आणि मला वाटायचं, हा नट माझ्यातच कुठेतरी आवळला जातोय. कारण एकेक गोष्ट जुळत चालली होती. सेल्फ जुळला. कार्ब्युरेटर एका सुरात आले. पाणी तापायचं थांबलं. दर वेळी दादा माझ्या पाठीवर तेलकट थाप मारायचा, "बघ नारू, झालं!" आणि मी हसायचो. ते हसू खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मी वाचत होतो त्या पुस्तकाचं एकेक पान मला होडीकडे नेत होतं. न वाचावं, तर दादा अडकतो. वाचावं, तर मी. मी ते नीट वाचत राहिलो, एवढंच सांगतो. त्यात माझा काही मोठेपणा नाही. दादाने मला विचारलं की मला उत्तर द्यायची सवय आहे.

एक दिवस मात्र निव्वळ आनंदाचा होता. ओहोटी लागली होती. आमच्याकडची ओली वाळू ओहोटीला सिमेंटसारखी घट्ट होते. दादाने मला शेजारी बसवलं आणि गाडी किनाऱ्यावर सोडली. टप नव्हताच. समुद्र एका कानाला, सुरूची झाडं दुसऱ्या कानाला. बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या, जाळी विणणारी माणसं, डोक्यावर हात धरून बघणाऱ्या बायका, सगळं मागे जात होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या वेगात बसलो होतो. दादा काहीतरी ओरडला. मला ऐकू आलं नाही. मीही काहीतरी ओरडलो. त्याला ऐकू आलं नसावं. आजही मला वाटतं की आम्ही एकच गोष्ट ओरडलो होतो, पण विचारायचं राहून गेलं.

त्या आनंदाची किंमत गाडीने वसूल केली. खाली सगळीकडे खारं पाणी उडालं होतं. काही दिवसांत दादाच्या पायाखालचा पत्रा हाताने मोडता येईल असा झाला. ब्रेकवर पाय द्यायला गेलं की खालची वाळू दिसायची. दादा सुन्न होऊन बसला. तेव्हा बा उठून गेला आणि जुन्या होडीची एक सागाची फळी घेऊन आला. दोन दिवस तो गाडीशेजारी बसून फळी तासत होता. फटीत कापूस ठोकला, वरून राळ आणि तेल कालवून भरलं. होडीचं पाणी बंद करतात तसंच. काम झालं तेव्हा त्यावर पाय ठेवून म्हणाला, "आता खालून बुडायची नाय." गाडीसाठी बाने केलेलं ते पहिलं काम. दादा त्या फळीकडे बराच वेळ बघत होता.

मुशीच्या तेलाचं आता सांगायला हवं. मुशी म्हणजे मोठा मासा, त्याच्या यकृताचं तेल काढतात. उन्हाळ्यात होड्यांना ते चोपडायचं, म्हणजे लाकूड टिकतं. आमच्याकडे ते सगळ्यालाच चालतं. कडी करकरली, तेल. दोर कडक झाला, तेल. गाडीचा रंग खाऱ्या वाऱ्याने फोडासारखा उठायला लागला, तेव्हा दादाने तिलाही आपादमस्तक तेच चोपडलं. गंज खरंच थांबला. पण गावातली झाडून सगळी मांजरं अंगणात आली. बोनेटवर दोन, सीटवर एक, चाकाशी पिल्लं.

पांडूकाका काठी टेकत आले. "मोरू, भोंगा वाजवून हाकलन्यापरीस एक डोलीचं जालं टाक हिच्यावर! मांजरं तरी घावतील!" मग मला म्हणाले, "काय रं मॅट्रिक, पुस्तकात लिवलंय का मांजराचं औषध?"

मी म्हणालो, नाही.

"मंग फुकट शिकलास."

वैशाख संपत आला. आकाशात दुपारचे ढग दिसायला लागले. गाडी जवळजवळ तयार होती. एक सकाळ ठरली. आदल्या संध्याकाळी दादाने ती अंगणातून वाटेवर आणली, तोंड बोईसरच्या दिशेला करून उभी केली आणि तो साइटवर शेवटचा हिशोब चुकता करायला गेला. त्याच संध्याकाळी बा आमच्या होडीला तेल लावत होता.

सकाळी गाडी सुरू झाली. गिअर पडला. आणि ती जागची हलली नाही. इंजिन ओरडत होतं, गाडी थरथरत होती, पण चारही चाकं कुणीतरी मुठीत धरल्यासारखी. ब्रेक जाम झाला होता. पायडल वर आलेलं, आणि ब्रेक सुटत नव्हता.

ती नेमकी वाटेच्या मधोमध उभी होती. त्याच वाटेने होड्या किनाऱ्यावरून वर ओढतात. पाऊस तोंडावर, सगळ्यांच्या होड्या अजून खाली. दुपारपर्यंत सगळी आळी गोळा झाली. पुढे गाडी, मागे होड्या, मध्ये माणसं. कुणी ढकललं, कुणी शिव्या दिल्या, कुणी बैल आणा म्हणालं. शेवटी पांडूकाकांनी काठी वर केली. "अरे, होडी उचलता आनि ह्या डबड्याला भिता? फाळके आना!"

होड्यांखाली घालतात ते गोल ओंडके आले. वीसेक माणसांनी गाडीला खांदा दिला. पांडूकाका गुडघे विसरून पुढे उभे राहिले आणि होडीला देतात तीच हाक त्यांनी दिली, "जोर लावा रं, हैस्सा!" विलायती शर्यतीची गाडी आमच्या लोकांच्या खांद्यावरून, ओंडक्यांवरून, एकेक हात सरकत आमच्या होडीच्या जागेवर जाऊन बसली. मग होड्या वर आल्या. आमची होडी तिच्या शेजारी आली. दोघींवर माडाच्या झापांचं छप्पर घातलं. बाजूबाजूला त्या दोघी निजलेल्या. दादा त्यांच्यामध्ये उकिडवा बसला होता. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता, हात रिकामे टाकून बसलेला.

दुसऱ्या दिवशी त्याने ब्रेकची नळकांडी उघडली. आतले रबरी वायसर भिजलेल्या वालासारखे फुगले होते. "वाच," दादा म्हणाला. मी पान शोधलं. बा दोन पावलांवर जाळं घेऊन बसला होता. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ब्रेकच्या तेलाऐवजी दुसरं कुठलंही तेल घालू नये. रबर फुगतं आणि ब्रेक सुटत नाही.

मी ते मराठीत वाचलं. आवाज जेवढा होता तेवढाच ठेवला.

दादाने बोनेटखालच्या छोट्या डब्याचं झाकण काढायला घेतलं. ते इतकं घट्ट बसवलेलं होतं की पान्याने काढावं लागलं. इतकं घट्ट झाकण आमच्या घरात एकच माणूस लावतो. दादाने आत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. तो वास मलाही आला. बाच्या हातातली जाळ्याची सुई थांबली होती.

दादाने बोट पँटला पुसलं. "रबर जुनं झालं," तो म्हणाला. "दुसरं काय."

एवढंच. त्याने बाकडे पाहिलं नाही. बा उठला आणि सुई तिथेच ठेवून पाण्याकडे चालत गेला.

डबा रिकामा दिसला म्हणून, वाटेला लागणाऱ्या पोराच्या गाडीत बाने घरातलं सर्वांत चांगलं तेल भरलं होतं? की पोरगा जाऊ नये म्हणून? मी पुष्कळ विचार केला आहे. इथे खोलीत पुस्तक उघडं ठेवूनही करतो. आमच्याकडे तेल ज्या हाताने लावतात त्यात काळजीच असते, हे मला माहीत आहे. बाला मी विचारलेलं नाही. कदाचित त्यालाही सांगता येणार नाही.

दादाने सगळं स्पिरिटने धुतलं. पालघरला ट्रकच्या सामानाच्या दुकानातून मोठे वायसर आणले आणि ब्लेडने कापून मापाचे केले. ब्रेकचं तेल कुठेच मिळेना, तेव्हा पुस्तकातल्या एका ओळीवरून आणि दुकानदाराच्या सल्ल्याने एरंडेल आणि स्पिरिट मिसळून भरलं. हे टिकेल का, मी विचारलं. "मुंबैपरेंत टिकलं म्हंजे झालं," दादा म्हणाला. पण त्याचा आवाज मला आवडला नाही. अंगणात ब्रेक लागत होता, सुटत होता. उतारावर, गाडी वेगात असताना काय होईल, ते अंगणात कसं कळणार?

ढग खाली आले होते. दादा निघाला तेव्हा आईने डबा दिला, बाने काही दिलं नाही. तो गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि फळी पायाने दाबून पाहिली. दादा मला म्हणाला, "नाव घाल कॉलेजात." मी मान हलवली. आम्हा दोघांनाही माहीत होतं की त्या मान हलवण्याला अर्थ नव्हता. गाडी गेली. मांजरं वळणापर्यंत तिच्या मागे गेली आणि परत आली.

मग पाऊस लागला आणि कुठलीच बातमी आली नाही. दादा चौथीपर्यंत शिकलेला. पत्र लिहायला त्याला मीच लागायचो, आणि मी तर इथे होतो. निकाल लागला, मी पास झालो. जून गेला. मी नाव घातलं नाही. जाळी दुरुस्त करायला शिकलो. बोटांना सुतळीचे चरे पडले. पागोळ्यांच्या मागे ओट्यावर मी आणि बा बसायचो, आमच्या दोघांमध्ये एकच जाळं असायचं आणि त्याचे फास. शेजारी होडी निजलेली आणि तिच्या बाजूला एक रिकामी जागा, चार ओंडके ठेवलेली. आई दोन्हीकडे बघायची नाही. ती जास्तीची खेप मात्र करायची अजूनही, सवयीने, आणि मग त्या हंड्यातलं पाणी कशात ओतायचं ते तिला सुचायचं नाही.

त्या दोन महिन्यांत बाने मला एकच गोष्ट विचारली. जाळ्यातून मान वर न करता. "नारू, पालघरवरनं मनोरला जाताना उतार लागतो का रं?"

"लागतो," मी म्हणालो. "वाघोबाच्या खिंडीत."

"मोठा?"

"हो."

तो पुन्हा जाळ्यात शिरला. पण त्या दिवशी त्याने विणलेले फास लहानमोठे झाले आणि आईने ते संध्याकाळी उसवून ठेवले.

नारळी पौर्णिमा आली. होडीला नवा रंग, डोलकाठीला झेंडा. बाने समुद्राला नारळ दिला. मी दादाच्या जागेवर बसलो. वल्ह्याला त्याच्या हातांचे खळगे पडलेले आहेत, माझी बोटं त्यात नीट बसत नव्हती. माणसं होडीला खांदा द्यायला जमली होती, पांडूकाका हाक द्यायच्या तयारीत होते. तेवढ्यात वाळूतून काशीमावशी येताना दिसली. ही माझ्या आईची बहीण. पावसात सुके बोंबील घेऊन मुंबईच्या बाजारात बसते. बोईसरला उतरून ती थेट इकडेच आली होती. टोपली रिकामी, पदर खोचलेला, आणि चालणं कसलं, पळणंच.

"थांबा रं! थांबा!" ती लांबूनच ओरडत होती. "मोरू भेटला!"

आई पुढे धावली. मावशीने तिचा हात धरला आणि श्वास घेत घेत सगळ्यांना सांगायला लागली. "काल माज्यापुढं येऊन उबा ऱ्हायला. मी म्हटलं हा कोन काला भूत! हातभर ग्रीस. पारशाच्या गॅरेजात लागलाय. पक्कं होईतो घरी कलवायचं नाय, असं ठरवलं होतं म्हने. आता झालंय पक्कं. गाडी बघून पारशी हसला म्हने, मंग खाली वाकून ती फळी बघितली नि इचारलं, ही कुनी बसवली? मोरूनं सांगितलं, माज्या बापानं."

बा होडीच्या तोंडाशी उभा होता. तो हलला नाही.

"आनि म्हनला," मावशी माझ्याकडे वळली, "होडीतला माजा वाटा परक्या मानसाला द्या, कायमचा द्या. नारूला तितं बसवू नका."

होडीतला वाटा सोडणं म्हणजे घरच्या मासळीवरचा हक्क कायमचा सोडणं, ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. माझे हात वल्ह्यावरच होते. मी बाकडे पाहिलं. बा मावशीकडे पाहत होता.

"आनि ब्रेक?" बा म्हणाला.

मावशीला कळलं नाही. "काय?"

"वाटंत ब्रेक लागला का त्याचा?"

मावशीने कपाळावर हात मारला. "हां! त्येच तं आदी सांग म्हनला होता नि मी इसरली. म्हनला, बाला सांग, वाघोबाच्या उतारावर म्हैस आडवी आली. ब्रेक लागला."